फोटो नसलेल्या माणसाचा फोटो

हे लिहायला बसलो आहे खरा, पण मला तो अधिकार आहे की नाही याची खात्री नाही. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात कामाबद्दल लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात. मागच्या वर्षी एका नर्सबाईंनी लिहिलं होतं, त्याच्या आधी एका लाइनमनकाकांनी. त्यांच्या मागे तीस-पस्तीस वर्षं होती. माझ्या मागे साडेचार आहेत आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं आहे. संपादक मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू करतोस ते काम करणारा दुसरा कुणी माहीत असेल तर नाव दे, त्याच्याकडून घेते." मला नाव सुचलं नाही, म्हणून लिहितो आहे. आमच्या घरात अर्जापेक्षा मोठं काही कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा हे थोडं अर्जासारखं वाटलं तर समजून घ्यावं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका फोटो स्टुडिओत मी काम करतो. सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळपर्यंत स्टुडिओ. बाहेर पासपोर्ट फोटो निघतात. आत पडद्यापलीकडे एक खोली आहे, तिथे मी कॉम्प्युटरवर बसतो. या पडद्यावर एक तळं रंगवलेलं आहे आणि तळ्यात चंद्र. पूर्वी त्याच्यासमोर नवराबायको उभे राहून फोटो काढायचे. आता कुणी राहत नाही, पण दुपारी पंख्याने पडदा हलला की तळ्यात लाटा उठतात. पहिल्या वर्षी मी कामापेक्षा त्या लाटांकडेच जास्त बघायचो.

माझ्या कामाला आम्ही जोडकाम म्हणतो. म्हणजे जी माणसं एका फोटोत कधी आली नाहीत त्यांना एका फोटोत आणायचं. मुलीचं लग्न झालं, वडील आधीच गेलेले, तर त्यांना मांडवात तिच्या मागे उभं करायचं. भाऊ दुबईला होता, त्याला रांगेत घ्यायचं. आजोबा गेल्यावर नातू जन्मला, त्याला आजोबांच्या मांडीवर द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण एका फोटोत उजेड डावीकडून असतो, दुसऱ्यात समोरून. डोकं उचलून नुसतं ठेवलं तर ते ठेवल्यासारखंच दिसतं. हनुवटीखालची सावली बरोबर पडली की माणूस तिथे उभा राहतो. आणि हात फार अवघड. चेहरा कुणीही जोडेल, पण खांद्यावर ठेवलेला हात खरोखर टेकलेला दिसायला माझे दोन-दोन दिवस जातात.

हे सगळं मला विद्याधरकाकांनी शिकवलं. ते स्टुडिओचे मालक. सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या तरुणपणी हे काम निगेटिव्हवर व्हायचं. खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या भरून काढायच्या. कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत. मागे उभे राहून नुसतं बघतात आणि म्हणतात, "तो तीळ कुठे गेला? परत आण. बायको त्याच्यावरूनच ओळखेल." मूळ फोटोला कधी हात लावायचा नाही, नक्कल काढून तिच्यावरच काम करायचं, हेही त्यांचंच.

हा नियम एकदा कामी आला. कल्याणचे एक गृहस्थ स्वतःच्या लग्नाचा फोटो घेऊन आले. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या भावाला काढून टाकायचं होतं. जागेवरून भांडण झालेलं. मी भावाला काढलं आणि त्या जागी मांडवाचं कापड रंगवलं, झालरीसकट. गृहस्थ खूश होऊन गेले. दोन वर्षांनी परत आले. मुंडण केलेलं होतं. बाकावर बसले. मीच विचारलं, "परत आणायचे आहेत का?" त्यांनी मान हलवली. मूळ फोटो होता, त्यामुळे मला फक्त छापून द्यावा लागला. ते मात्र झालरीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हा पण असू दे. मी काय केलं ते लक्षात राहील."

सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात. एका बाईंच्या सासूबाईंचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेलेच होते. सासूबाई गेल्यावर भिंतीला लावायला एकही फोटो मिळेना. मी सासूबाईंच्या मुलीचे डोळे घेऊन बसवले. महिन्याभराने बाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "छान झालाय रे, पण आता स्वयंपाकघरातून कुठेही गेले तरी माझ्याकडेच बघतात. होत्या तेव्हा एवढं बघत नव्हत्या."

आमच्या घरी या कामाला काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही. आम्ही मानपाड्याला राहतो. मूळचे साताऱ्याकडचे. बाबा एमआयडीसीत रंगांच्या कंपनीत आहेत. लहानपणी त्यांच्या नखांकडे बघून मला कळायचं की या आठवड्यात कंपनीत कुठला रंग चालू आहे. कधी निळी नखं, कधी पिवळी. मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांची नखं अशीच रंग बदलतात. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. त्यामुळे मी अंधाऱ्या खोलीत बसून मेलेल्या माणसांना कपडे घालतो, हे बाबा कुणाला सांगत नाहीत.

"लॅबमध्ये जागा निघतीय," ते या वर्षी म्हणाले. "साहेबांशी बोललोय. दसऱ्यापर्यंत अर्ज द्यायचा. तुझं ते काम आता मोबाईलवर होतंय म्हणे, पोरंसोरं करत्यात. किती दिवस चालणार?"

"हातात एक काम आहे बाबा. त्याचं काय होतंय ते कळू दे. मग सांगतो."

ते काम हिराबाय आजींचं होतं.

गेल्या पौषात विशाल नावाचा एक मुलगा आजीला धरून स्टुडिओत घेऊन आला. कोपरला पूर्वीपासून राहणारं आगरी कुटुंब. जमीन बिल्डरला दिली, त्या जागी टॉवर झाला आणि त्यात सातव्या मजल्यावर यांना घर मिळालं. विशालचं लग्न वैशाखात होतं. आजी बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "माजे मानसाचा फोटू पायजे."

मी विचारलं, "जुना फोटो आणलाय का?"

"फोटू नाय. मानूस व्हता, फोटू नवता."

विशालने समजावून सांगितलं. त्याचे आजोबा मिठागरात कामाला होते. बत्तिसाव्या वर्षी तापाने गेले. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही. लग्नातही नाही. विशालचे वडील, म्हणजे धर्माशेठ, तेव्हा चार वर्षांचे होते, त्यांना बापाचा चेहरा आठवत नाही. आजोबांना ओळखणारं आता आजींशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांच्या घरी लग्नाची पहिली पत्रिका गेलेल्या माणसांना देतात, पाटावर त्यांचे फोटो मांडून. आजोबांचा फोटो नाही म्हणून त्यांच्या जागी सुपारी ठेवतात.

"धर्माच्या लग्नात सुपारी, पोरीच्या लग्नात सुपारी," आजी म्हणाल्या. "कवरी वर्सं त्याला सुपारी करून ठेवू?"

विशालने मोबाईल पुढे केला. "भाई, मी ट्राय केलेलं. ॲपमध्ये पप्पांचा फोटो टाकला, दोन सेकंदात आजोबा रेडी. एक नंबर दिसतोय, पण आजी ऐकत नाय."

मी बघितलं. तुकतुकीत चेहऱ्याचा एक सुंदर तरुण होता. आजींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "यो कोनाचा जावय?" त्या म्हणाल्या. "मिठात काम करनारा मानूस यवरा गोरा र्‍हातं का रं?"

काका मागे उभे होते. मला वाटलं, ते नको म्हणतील. ते म्हणाले, "घे."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मी सातव्या मजल्यावर जायचो. आजी खिडकीत बसायच्या. खाली खाडीच्या बाजूला झाडी आणि इमारती दिसतात. त्या मात्र अजून तिथे मिठागरच बघत होत्या. "तो तिकरं उभा असायचा," असं बोट दाखवायच्या आणि मी त्या बोटाच्या दिशेने बघून वहीत लिहून घ्यायचो. नवऱ्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. नेहमी 'तो'.

"नाक कसं होतं आजी?"

"धर्मासारका. पन जरा बसका."

"ओठ?"

"वरचा दिसायचाच नाय. मिशी व्हती."

"भुवया?"

"भुवयांचं केस लांब. डोल्यावर येयाचं. कानावर पन केस." मग हसल्या. "आता लिफ्ट हाय म्हून बरा, नाय त त्याचं गुडघं दुखलं असतं. सात माले चढताना मना शिव्या देल्या असत्या."

हे मी लिहून घेतलं नाही. गुडघ्यांचा फोटोत काय उपयोग?

एका गुरुवारी त्या म्हणाल्या, की त्याच्या तोंडावर उजेड खालून यायचा. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, मिठागरात मीठ पिकलं की जमीन पांढरी होते आणि ऊन खालून वर येतं. हनुवटीखाली सावली पडतच नाही. साडेचार वर्षं मी हनुवटीखाली सावली घालत आलो होतो. स्टुडिओत येऊन मी उजेड खालून दिला. काका बघून म्हणाले, "अरे, खालून उजेड नाटकात भुताला देतात." मी मिठाचं सांगितलं. ते वाकून स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "मग राहू दे. हे मला माहीत नव्हतं." काकांना माहीत नसलेली गोष्ट मला माहीत असण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी मी मानपाड्यापर्यंत चालत घरी गेलो.

त्या दिवसांत मला सगळीकडे तो दिसायचा. रिक्षाच्या आरशात, भाजीवाल्याच्या पाठीमागे, कॉलेजात पुढच्या बाकावर. कुणाचं तरी नाक, कुणाच्या तरी भुवया. वर्गात सर शिकवत असायचे आणि मी वहीच्या कडेला कान काढत असायचो. जो माणूस माझ्या जन्माआधी तीसेक वर्षं गेला, त्याला रस्ता ओलांडताना बघितल्यासारखं वाटायचं.

पहिला चेहरा आजींनी नाकारला. "यो त्याचा भाव वाटतं." दुसराही नाकारला. "यो दारू पेनारा हाय." तिसऱ्याच्या वेळी मी धर्माशेठचाच फोटो मुळाशी घेतला. धर्माशेठ साठीच्या आसपास आहेत. त्यांचं नाक बसकं केलं, मिशी दिली, भुवया वाढवल्या, रंग उन्हात रापलेला केला. गालाचं, कपाळाचं, डोळ्यांखालचं काम मी शेवटी करतो, ते अजून बाकी होतं. अशा अर्धवट अवस्थेत फोटो स्क्रीनवर होता आणि धर्माशेठ पासपोर्ट फोटोसाठी आईला घेऊन अचानक आले. आजी पडदा सरकवून सरळ आतच आल्या.

त्या थांबल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. असं त्या इतके दिवस माझ्यासमोर कधी करत नव्हत्या. स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि काचेवर बोट टेकवलं.

"यो हाय," त्या म्हणाल्या.

"आय, नक्की ना?" धर्माशेठनी विचारलं.

"आता हलवू नको त्याला," त्या मला म्हणाल्या.

आता ज्याबद्दल लिहायला मी इतका वेळ लावला ते लिहितो. मी त्याला हलवलं.

त्या गेल्यावर मला वाटलं, काम अपुरं आहे. आजींना नीट दिसत नाही, पण बाकीच्यांना दिसेल. लग्नात दोनशे माणसं बघतील. म्हणून मी बसलो आणि चेहरा साफ केला. बत्तीस वर्षांचा माणूस बत्तीस वर्षांचा दिसायला हवा. त्या नादात नाकाचा शेंडा जरा नीट केला, ओठाचा कोपरा उचलला, एक पापणी थोडी जड होती ती दुसरीसारखी केली. हात चांगला चालत होता. फोटो फार सुंदर झाला. मी तो आधीच्यावरच सेव्ह केला.

नक्कल मी ठेवली नाही. मूळ जपायचं हे मला पाठ होतं, पण माझ्या डोक्यात मूळ म्हणजे धर्माशेठचा फोटो, आणि तो सुरक्षित होता. या माणसाला मूळ नव्हतंच. आजींनी काचेवर बोट टेकवलं त्या क्षणी तो अर्धवट चेहराच मूळ झाला होता, हे मला कळलं नाही.

फ्रेम करून सातव्या मजल्यावर नेला तेव्हा सगळे जमले होते. विशाल म्हणाला, "भाई, कडक!" आजींनी फ्रेम मांडीवर घेतली. मग माझ्याकडे बघितलं.

"यो नाय. मंगाचा कुटं गेला?"

मी म्हणालो, तोच आहे आजी, फक्त साफ केलाय. त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि पुन्हा तेच विचारलं, "मंगाचा कुटं गेला रं?" एखाद्या घरात शिरून तिथल्या माणसाला मी बाहेर पाठवून दिलं होतं आणि आता तो कुठल्या दिशेने गेला तेही मला सांगता येत नव्हतं.

पुढचे दोन महिने मी त्याला शोधत होतो. नाकाचा शेंडा परत वाकवला. पापणी जड केली. ओठाचा कोपरा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. सतरा चेहरे केले. आता प्रत्येकाची नक्कल ठेवत होतो. आजी प्रत्येकाकडे नीट बघायच्या आणि माझा हात थोपटून म्हणायच्या, "र्‍हाऊ दे पोरा." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाखात लग्न झालं. हळदीला मला बोलावणं होतं. पाटावर आजींच्या दिराचा फोटो होता, थोरल्या जावेचा होता आणि मधे सुपारी. पत्रिका सुपारीपुढे ठेवली होती. माझा शेवटचा फोटो आजींनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवला होता, असं विशालने सांगितलं. फेकला नव्हता. आजी मला बघून एवढंच म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जाऊ नको." मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

पावसाळ्यात आजी ठाण्याला मुलीकडे गेल्या, वर्तकनगरला. तिथे त्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची होती. गुरुवार मोकळे झाले. काका म्हणाले, "आपल्या धंद्यात माणूस 'झालं' म्हणाला की हात मागे घ्यायचा असतो. पेन्सिलच्या दिवसांत मीसुद्धा एका बाईचा चेहरा असाच गुळगुळीत करून ठेवलेला. तिच्या आईने फोटो नेलाच नाही." हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

नवरात्रात एका दुपारी मी स्टुडिओत बसून बाबांच्या कंपनीचा अर्ज भरत होतो. नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारखेच्या रकान्याशी आलो होतो. पंख्याने तळ्यात लाटा उठत होत्या. तेवढ्यात तळं बाजूला सारून विशाल आत आला. हातात कागदात गुंडाळलेली तीच फ्रेम होती.

"आजीचे दोन्ही डोळे झाले," तो म्हणाला. "काल बोलली, कपाटातला फोटो आन. मी घेऊन गेलेलो ठाण्याला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"लय वेळ बघत बसली, भाई. खिडकीत नेलं, उजेडात. आत्या बोलली, आय काय झालं? तर काय नाय बोलली. मग बोलली, नाक बरोबर हाय. कान बरोबर. उजेड पन बरोबर. सगळा तोच हाय." विशाल थांबला. आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत आठवून सांगायचा प्रयत्न करत होता. "पन यो पोर हाय, बोलली. याच्या बाजूला मी बसली त याची आय दिसंन."

मी फ्रेमवरचा कागद सोडला. लांब भुवया, कानावरचे केस, दुखणारे गुडघे. बत्तिसाव्या वर्षी गेलेला तो माणूस त्या घरात तेवढाच राहिला नव्हता. रोज आजींबरोबर एकेक दिवस म्हातारा होत आला होता. मी ज्या दिवशी त्याचा चेहरा साफ केला, त्या दिवशी त्यांच्या संसाराची पन्नासेक वर्षं पुसून टाकली होती आणि नंतर दोन महिने नाकाचा शेंडा वाकवत बसलो होतो.

"अजून काही म्हणाल्या?" मी विचारलं.

विशाल हसला. अर्ज मी बाजूला सरकवला. तो आज हे लिहितानाही त्याच रकान्यावर थांबलेला आहे.

"बोलली, फोटोवाल्याला विचार, माजे मानसाच्या सुरकुत्या कुटं ठेवल्यास? त्या परत दे बोल."